आईचा रकाना

माझ्या मुलीला माझ्यापेक्षा माझ्या नणंदेच्या अंगावर जास्त ऊब मिळत होती. हे माझ्या मनाचे खेळ नव्हते, तसं कागदावर लिहिलेलं होतं.

तो कागद चिमट्याने एका फळीला अडकवलेला आणि फळी बाळाच्या काचेच्या पेटीला टांगलेली. कागदावर दोन रकाने होते, एक 'आई' आणि दुसरा 'आत्या'. बाळ ज्याच्या छातीवर असेल त्याच्या रकान्यात दर पंधरा मिनिटांनी बाळाच्या अंगाचं तापमान लिहायचं. आत्याच्या रकान्यात छत्तीस पॉइंट आठ, छत्तीस पॉइंट आठ, छत्तीस पॉइंट नऊ. माझ्या रकान्यात छत्तीस पॉइंट सात, साडेछत्तीस, छत्तीस पॉइंट चार, आणि मग एक आडवी रेघ. रेघ ओढली म्हणजे आकडा साडेछत्तीसच्या खाली गेला आणि बाळाला माझ्याकडून काढून परत पेटीत ठेवलं. माझ्या रकान्यात रेघाच रेघा होत्या.

बाळ सात आठवडे आधी आलं. वजन चौदाशे ग्रॅम, माझी कामावर न्यायची पर्स त्याहून जड असते. माझं ऑपरेशन झालं, टाके पडले आणि वर ताप चढला तो सहा दिवस उतरेना. तापातल्या बाईला त्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. नवऱ्याला खोकला, म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलं. मग घरातलं धडधाकट माणूस उरलं कोण, तर त्याची मोठी बहीण. ती आली, कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, ब्लाउजची बटणं काढली आणि माझ्या मुलीला उघड्या छातीशी धरून बसली. सहा दिवस, रोज चार-चार तास. मी तिसऱ्या मजल्यावर सलाइन लावून पडलेली आणि ती पहिल्या मजल्यावर माझी मुलगी उबेत ठेवणारी. मी तिचे आभार मानायला हवे होते. मानले, पण तोंडदेखले.

ताईंचं इस्त्रीचं दुकान आहे. बावीस वर्षं त्या तापलेल्या इस्त्रीसमोर उभ्या राहिल्यात. अंगाने भरलेल्या, आवाजाने खणखणीत, आणि त्यांचे हात बारा महिने गरम. माझे हात बारा महिने गार. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझा हात हातात घेतला तेव्हा म्हणाल्या होत्या, अगं, तुला काय फ्रिजमध्ये ठेवली होती का. सगळे हसले होते, मीही हसले होते. हा विनोद नऊ वर्षं माझ्या पोटात कुठे दडून बसला होता कोण जाणे, पण त्या रकान्याकडे बघताना तो बरोबर वर आला.

आणि नाव. सातव्या दिवशी ताप उतरला आणि मला चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं, तेव्हा सगळ्या सिस्टर माझ्या मुलीला ढब्बू म्हणत होत्या. चौदाशे ग्रॅमच्या जिवाला ढब्बू. ताईंनी ठेवलेलं. सात महिने मी मनात दोन नावं घोळवत होते, ती मला कुणी विचारलीच नाहीत. आता माझ्याही तोंडात ढब्बूच बसलंय, इलाज नाही.

खरं तर उष्णता हा माझ्या पोटापाण्याचा विषय. फरशा बनवायच्या कारखान्यात मी भट्टीवर आहे, अकरा वर्षं. भट्टी कुठे किती तापली, कुठल्या विटांमधून उष्णता गळते, हे बघायचं आणि दर अर्ध्या तासाला आकडा लिहायचा. या अकरा वर्षांत मी एकही आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. कारखान्यात मला भट्टीबाई म्हणतात आणि आकड्यावरून वाद झाला की भट्टीबाईला विचारा म्हणतात. तेव्हा बाळ गार का पडतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वाटीतलं दूध पातेल्यातल्या दुधाआधी निवतं, कारण जेवढं भांडं लहान तेवढा त्याचा उघडा भाग आतल्या मालाच्या मानाने जास्त. ढब्बू म्हणजे वाटी. आणि दुधातून तिला जी ऊर्जा मिळते ती एकच, तिला दोन वाटा. अंग गरम ठेवण्यात ती खर्च झाली तर वजन वाढवायला उरत नाही. मोठ्या सिस्टर तेच सांगायच्या, फक्त साध्या शब्दांत. बाळ गार पडलं की वाढ थांबते.

मोठ्या सिस्टर म्हणजे त्या खोलीच्या मालकीणच. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की शेजारी एक छोटी खोली आहे, तिच्यात एकच खाट. बाळ पेटीबाहेर टिकतंय असं दिसलं की एका माणसाने बाळाला घेऊन त्या खोलीत राहायचं, दिवस-रात्र छातीवर, आठवडाभर. मग घरी. कोण राहणार हे शनिवारी सकाळी रकाने बघून ठरवायचं. आई असेल तर उत्तमच, पण बाळाचं अंग जिच्याकडे टिकेल ती. दूध काय, वाटीतूनही पाजता येतं.

म्हणजे रकाने असेच राहिले तर माझी मुलगी ताईंबरोबर त्या खोलीत जाणार होती. आणि मी दूध काढून वाटीत द्यायला दारापर्यंत जाणार होते, गवळ्यासारखी.

माझी पाळी सकाळची, आठ ते बारा. ताईंची दुपारची, एक ते पाच. खोलीत बाळ धरून बसायला दोन खुर्च्या होत्या. एक मागे रेलणारी, गादीची, खिडकीजवळ. दुसरी साधी, आतल्या भिंतीला लागून. टाक्यांना बरं म्हणून सिस्टरांनी मला रेलणारी दिली. तिचं तोंड खिडकीकडे वळवलेलं, म्हणजे उघड्या अंगाने बसलेल्या बाईला दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याचा संकोच नको. खिडकी अख्ख्या भिंतीएवढी, एकाच काचेची, आणि पलीकडे दोन हातांवर दुसऱ्या इमारतीची भिंत. ऊन तिला कधी लागत नसे. बाहेर हिवाळा असा की सकाळी काचेच्या कडांना पाणी साचलेलं दिसे. ताईंना रेलणाऱ्या खुर्चीत मावायला त्रास व्हायचा, त्या आपल्या भिंतीजवळ बसायच्या.

आता वाचणाऱ्याला कळलं असेल. मला कळलं नाही. मला कळायला चार दिवस लागले.

पहिल्या रेघेनंतर मोठ्या सिस्टरांनी कुठे वारा लागतोय का ते बघितलं. कागदाची पट्टी खिडकीच्या चौकटीला चारी बाजूंनी धरली, पट्टी हलली नाही. खिडकी पक्की बंद होती. माझं अंग ओलं आहे का, बाळाचा लंगोट ओला आहे का, टोपी नीट आहे का, सगळं तपासलं. पाठीवरचं दुपटं बदलून दुसरं घातलं. पातळच, कारण श्वास घेताना पाठ हलताना दिसायला हवी असा तिथला नियम होता. शेवटी त्या म्हणाल्या की आईचं रक्त कमी झालंय, अशक्तपणा आहे, होतं असं. आणि त्या जाता जाता दुसऱ्या सिस्टरला म्हणाल्या की आत्या म्हणजे नुसती शेगडी आहे शेगडी. कौतुकानेच म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जळण्याने अंग तापत असतं तर ढब्बू दोन दिवसांत घरी गेली असती. मी इतकी जळत होते. दुपारी एक वाजला की ताई यायच्या, माझ्याकडे बघून विचारायच्या, कसं झालं आज, आणि मी म्हणायची, ठीक. कागद तर समोरच टांगलेला. त्या वाचायच्या, काही बोलायच्या नाहीत, आणि ते न बोलणं मला जास्त खुपायचं. मग भिंतीजवळ बसून ढब्बूला छातीवर घ्यायच्या आणि तिच्याशी गप्पा मारायच्या. आज अमक्याचा कोट आला होता, खिशात अख्खा चष्मा, मी इस्त्री फिरवणार तेवढ्यात हाताला लागला बघ. ढब्बूला चष्म्याचं काय घेणं. पण ती त्या आवाजात शांत पडून राहायची आणि यंत्रावरचा आकडा वर चढायचा. मी वर माझ्या खाटेवर जाऊन पडायला हवं होतं. मी समोरच्या स्टुलावर बसून आकडा बघायची. उतर, उतर, असं मनात म्हणायची. कुणाचा आकडा उतर म्हणतोय आपण, याचा विचार केला नाही.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन यायचा. मंगळवारी तो म्हणाला की ताईकडे छान राहते म्हणे, आपलं नशीब की ताई आहे. मी म्हटलं, हो, तुमच्या ताईलाच द्या मग, मला कशाला ठेवलंय. तो बिचारा खोकत राहिला. मी फोन ठेवला.

बुधवारी मी ती गोष्ट केली. सकाळचे साडेनऊ, ढब्बू माझ्या छातीवर, काखेत चिकटवलेल्या तारेचा आकडा यंत्रावर छत्तीस पॉइंट तीन. सिस्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका बाळाचं दूध मोजत होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, आई, किती. मी म्हटलं, साडेछत्तीस. त्यांनी विश्वास ठेवून लिहिलं. अजून पंधरा मिनिटं मला मिळाली. ती पंधरा मिनिटं मी ढब्बूला दोन्ही हातांनी झाकून बसले आणि माझे हात गार होते. पुढच्या वेळी सिस्टर स्वतः आल्या, आकडा बघितला, कपाळाला आठ्या घातल्या आणि तिला उचलून पेटीत ठेवलं. तिचे पाय जांभळट दिसत होते. अकरा वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नव्हता, आणि पहिला खोटा आकडा सांगितला तो माझ्या मुलीचा.

गुरुवारी सकाळी आठला मी बसले. पाच-दहा मिनिटं झाली असतील. यंत्र बघायला मी मान मागे वळवली आणि थोडा वेळ तशीच राहिले. पुन्हा खिडकीकडे तोंड केलं तेव्हा गाल गार झाले. मान वळवली, गाल पुन्हा कोमट झाले. परत समोर, परत गार. खोलीतली हवा एकच, वारा नाही. मी एक हात सोडवला आणि काचेला न लावता वीतभर अलीकडे उलटा धरला, भट्टीच्या भिंतीशी धरतो तसा. हात गार पडत गेला. काही शिवत नव्हतं, काही वाहत नव्हतं, आणि हातातली उष्णता चालली होती.

मी डोळे मिटून घेतले. भट्टीचं दार उघडलं की चार पावलांवर उभ्या माणसाच्या तोंडावर झळ येते. मधल्या हवेला तापायला वेळही मिळालेला नसतो, तरी झळ येते. उष्णतेला दरवेळी स्पर्श लागत नाही, हवाही लागत नाही, ती तशीच निघते आणि समोर जे गार असेल त्याच्याकडे जाते. हे मी नव्या कामगारांना पहिल्या दिवशी सांगते. पण अकरा वर्षं मी झळ सोसणारी बाजू होते. इथे तापलेली बाजू आम्ही होतो, मी आणि ढब्बू, आणि झळ खाणारी ती काच होती. ढब्बूची इवलीशी पाठ चार दिवस त्या अख्ख्या भिंतीएवढ्या काचेला ऊब देत होती. माझं अंग गार नव्हतं. माझं रक्त, माझे हात, माझं काही कमी नव्हतं.

मला रडूच आलं, इतकं हलकं वाटलं. आणि त्याच दमात दुसरा विचार आला, आता हे ताईंना दाखवते.

सिस्टरांना हाक मारायला हवी होती. खुर्ची हलवायला दोन मिनिटं लागली असती. मी हाक मारली नाही. नऊ वाजता आकडा छत्तीस पॉइंट चारवर आला, तेव्हा मी स्वतःच म्हटलं की हिला पेटीत ठेवा, आणि शहाण्यासारखी एकपर्यंत वाट बघत बसले. भट्टीवर काही बिनसलं की आम्ही एकच गोष्ट बदलून बघतो, बाकी सगळं तसंच ठेवतो. बाई बदलायची, खुर्ची तीच. त्याशिवाय खात्री कशी होणार, असं मी स्वतःला सांगितलं. खात्री तर मला आठ वाजताच झाली होती.

एक वाजता ताई आल्या. मी म्हटलं, ताई, आज तुम्ही त्या रेलणाऱ्या खुर्चीत बसा, दिवसभर दुकानात उभ्या असता, पाठीला आराम पडेल. नऊ वर्षांत मी त्यांच्या पाठीची चौकशी केली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. म्हणाल्या, तू टाक्यांची बाई, तू माझी काळजी करतेस होय. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कशाबशा त्या खुर्चीत मावल्या. ढब्बूला छातीवर घेतलं. मी स्टुलावर बसले.

छत्तीस पॉइंट आठ. पंधरा मिनिटांनी छत्तीस पॉइंट सात. ताई चष्म्याच्या कोटाचं पुढचं सांगत होत्या, कोटवाला येऊन चष्मा घेऊन गेला वगैरे. मग छत्तीस पॉइंट सहा. मग मधेच, सिस्टर यायच्या आधी, साडेछत्तीस. मला आनंद होत होता. हे मी इथे सरळ लिहिते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. माझी मुलगी गार पडत होती आणि मला प्रत्येक आकड्याला आतून गुदगुल्या होत होत्या. आत्याच्या रकान्यात आता साडेछत्तीस लिहिलं जाणार होतं. शेगडी निवत होती.

पाऊण तास होत आला आणि आकडा छत्तीस पॉइंट चार झाला. ताईंची नजर यंत्राकडे गेली. त्यांचं बोलणं तुटलं. पंधरा मिनिटं संपायची वाट त्यांनी बघितली नाही, सिस्टर कुठे आहेत हेही बघितलं नाही, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"सिस्टर, हिला घ्या आधी. माझं अंग आज गार पडलंय, माझ्याकडे नका ठेवू हिला. हिच्या आईकडे द्या."

त्यांनी ढब्बूला छातीवरून उचलून पुढे केलंसुद्धा. दोन्ही हातांनी, माझ्याकडे. मी बुधवारी छत्तीस पॉइंट तीनला तिला सोडायला तयार नव्हते. आणि या बाईने छत्तीस पॉइंट चारला आपल्या अंगाचा दोष सांगून ती मला देऊन टाकली होती. मी तिला घेतलं, तशीच उठले आणि भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून. पाठीमागे सिस्टर आल्याचं कळलं. मी मान न वळवताच बोलले.

"ताई, तुमचं अंग गार नाही. ती काच आहे. काच तिची ऊब खेचून घेते."

सिस्टर काचेशी गेल्या, हात धरून बघितला असावा. मग ताईंनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सकाळी. आठ वाजता."

"आणि तरी मला इथे बसवलंस."

"हो."

"पाठीला आराम म्हणून."

त्या बटणं लावत होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मग त्या हळू आवाजात बोलल्या, आणि त्या हळू बोलू शकतात हे मला तेव्हाच कळलं.

"पाऊण तास पोर माझ्या छातीवर गार पडत होती आणि तू समोर बसून बघत होतीस."

मला सांगायचं होतं की जेमतेम चार दशांश, की मी लगेच थांबवणारच होते. पण आकड्यांत लपायला आता जागा नव्हती. मी सिस्टरांना म्हटलं की बुधवारचा साडेनऊचा आकडाही खोटा आहे, तिथे छत्तीस पॉइंट तीन हवं. सिस्टरांनी फळी घेतली, खोडलं, लिहिलं. मग त्यांनी माझी जी हजेरी घेतली ती मी आयुष्यात विसरणार नाही. इथे बाळं मरतात, आई, असं त्या म्हणाल्या. तुमच्या कारखान्यातल्या फरशा नाहीत या. त्यांनी मला आई म्हणणं सोडलं नाही, आणि त्या शब्दानेच जास्त लागत होतं. ताई तोवर निघून गेल्या होत्या. ढब्बू माझ्या छातीवर होती आणि मागे कुणी तरी सांगत होतं, छत्तीस पॉइंट सहा, छत्तीस पॉइंट सात.

शुक्रवारी रेलणारी खुर्ची खोलीबाहेर गेली आणि काचेवर जाड रजई टांगली. मोठ्या सिस्टरांनी कागद नवा लावला. दोघींनी एकाच खुर्चीत बसायचं, सकाळी दोन तास मी, लगेच पुढचे दोन तास आत्या. मला वाटलं ताई येणार नाहीत. त्या दहाच्या ठोक्याला आल्या. माझ्याकडे बघितलं नाही. हात धुतले, ढब्बूला घेतलं आणि तिला सांगायला लागल्या की दुकान आज शेजारणीवर सोडून आलेय, ती बाई सगळ्यांच्या कॉलरी करपवणार.

माझे आकडे: छत्तीस पॉइंट सात, दोन तास, एकही रेघ नाही. ताईंचे आकडे: छत्तीस पॉइंट नऊ.

खुर्ची तीच, भिंत तीच, काच झाकलेली, बाळ तेच. तरी दोन दशांश ताईंचेच जास्त. त्यांचं अंग खरंच माझ्यापेक्षा गरम होतं. मी बराच वेळ त्या दोन रकान्यांकडे बघत उभी राहिले. ढब्बूला छत्तीस पॉइंट सात पुरत होतं, भरपूर पुरत होतं. मला पुरत नव्हतं.

शनिवारी सकाळी मोठ्या सिस्टरांनी कागद वाचला आणि दोघींकडेही बाळ टिकतंय, तेव्हा खोलीत आई जाईल, असं सांगितलं. झालं. ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं ते मला मिळालं. मी ढब्बूला छातीला बांधून घेतलं, वरून गाउन घातला आणि शेजारच्या खोलीत गेले. ताई दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. मला वाटलं आता निरोप घेतील आणि मग महिनाभर बोलणार नाहीत. बोलू नये असंच मी वागले होते.

त्या आत आल्या. आधी खिडकी शोधली. खोलीत एक लहान खिडकी होती आणि खाट तिला चिकटून लावलेली. ताईंनी पदर खोचला, खाटेचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि एकटीने ती लोखंडी खाट फरफटत आतल्या भिंतीशी नेली. आवाजाने दोन सिस्टर धावत आल्या. त्यांना त्या म्हणाल्या की काही नाही, आमच्या घरातलं आहे. मग माझ्याकडे वळल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मी रोज येणार आहे. सकाळी आणि संध्याकाळी. तुला आवडो न आवडो. हिच्या आईवर माझा भरवसा राहिलेला नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण माझाही राहिलेला नव्हता. मी म्हटलं, "या, ताई."

त्यांचा खणखणीत आवाज ऐकून माझ्या गाउनच्या आत ढब्बू हलली. डोळे उघडले. मी इतका वेळ तिच्याशी बोलत होते तेव्हा उघडले नव्हते. मी परत तशीच जळले, अगदी पहिल्या दिवशीसारखी, तसूभर कमी नाही. मी गाउनची वरची बटणं काढली, ढब्बूचा चेहरा माझ्या छातीवरून अलगद ताईंच्या बाजूला वळवला, आणि म्हटलं की बघा, तुम्हालाच शोधतेय.